चौकशीला आलेल्यांना सुकलाल काय सांगायचा

सुकलाल आणि मी सुरतेच्या गोडादऱ्यात एकाच खोलीत राहिलो आणि एकाच कापड कारखान्यात शेजारशेजारच्या लूमवर काम केलं. तो शिरपूरकडचा. गेल्या हिवाळ्यात वारला. काम चोख होतं. धागा तुटला की आधी लूम बंद, मग गाठ. चालू लूममध्ये हात घालून वेळ वाचवणाऱ्यांकडे तो बघायचाही नाही.

आणखी एक काम त्याच्या गळ्यात आपोआप पडलं होतं. खान्देशातल्या पोरीचं सुरतेतल्या पोराशी जमायला लागलं, की पोरीचा बाप चौकशीला येतो. कारखान्याच्या दारात, चहाच्या टपरीवर विचारतो, मुलगा कसा आहे? सगळे एकच सांगतात. चांगला आहे, कष्टाळू आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. जमलेलं मोडायचं पाप कुणाला नको असतं. असं सांगायला मेहनतही पडत नाही.

सुकलाल तसं सांगायचा नाही. तो वाचणारा होता. लिंबायतच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी भिंतीला टेकून संपवायचा. म्हणायचा, "चांगला लिहिणारा कधी लिहीत नाही की हा माणूस दुष्ट आहे. तो पाणी कसं मागतो, दाराशी आलेल्याला किती वेळ उभं ठेवतो, एवढंच दाखवतो. बाकी आपण ओळखायचं."

चौकशीला येणाऱ्यालाही तो एक प्रसंग सांगायचा आणि गप्प बसायचा. एका पोराबद्दल म्हणाला, पाळी संपली की हा तुटलेला धागा पुढच्या कारागिरासाठी तसाच सोडून जातो. पोरीच्या बापाने चहा संपवला आणि परतीची गाडी धरली.

मग काशिनाथ आला. सुकलालच्या गावचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या धाकट्या मुलीला, वर्षाला, धर्मेंद्रचं स्थळ आलं होतं. धर्मेंद्र आधी आमच्या खोलीत राहायचा, नंतर बमरोलीच्या मिलमध्ये लागला. मी त्या दिवशी गावी होतो. त्यांचं बोलणं सुकलालनेच मला नंतर सांगितलं.

"कसा शे पोरगा?"

"एक गोष्ट सांगतो."

"गोष्ट घाल चुलीत. पोरगा सांग."

सुकलालने उषाबाईच्या खाणावळीचं सांगितलं. एकदा धर्मेंद्रच्या ताटात करपलेली भाकरी आली. तो काही बोलला नाही, उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून खाणावळीच्या समोरच्या पायरीवर बसून पाव खायला लागला. दोन्ही वेळा, तिच्या दाराकडे तोंड करून. उषाबाईने माफी मागितली. आखाजीच्या सणाला पुरणपोळीचं ताट स्वतः नेऊन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ताटाकडे पाहिलं नाही. पाव खाल्ला, उठला. खाणावळ बंद पडेपर्यंत त्याचं हे चाललं.

काशिनाथ मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे मानी शे! आणि तोंडातून शिवी नाही? मोठा जावई पिऊन येतो, मारतो, गल्ली गोळा करतो. याचा तर आवाजच नाही. माले असाच पाहिजे."

मी परतलो तेव्हा साखरपुडा झाला होता, लग्न व्हायचं होतं. मी सुकलालला म्हणालो, "जा आणि सरळ सांग. हा माणूस माफ करत नाही म्हणून सांग."

"मी सांगितलं. त्याला ओळखता आलं नाही. लिहिणारा काय पानाखाली टीप देतो?"

"पुस्तकातल्या पोरीला नांदावं लागत नाही, सुकलाल."

तो गेला नाही. मला वाटतं, समजावून सांगणं त्याला कमीपणाचं वाटलं. एरवी अर्धवट काम त्याने कधी सोडलं नव्हतं. हे सोडलं.

लग्न झालं. पुढच्या दिवाळीला वर्षा माहेरी गेली नाही. काशिनाथचा फोन आला. "फोनवर नुसती हं-हं करते. बघून ये रे."

आम्ही दोघं बमरोलीला गेलो. धर्मेंद्र मिलमध्ये होता. वर्षाने चहा ठेवला आणि घडलेलं सांगितलं. लग्नानंतर लगेच, पाहुण्यांसमोर तिने थट्टा केली होती की हे घोरतात तेव्हा मांजर पळून जातं. पाहुणे हसले. त्या दिवसापासून नवरा तिच्याशी बोललेला नाही. शेगडीच्या एका बर्नरवर तिचा स्वयंपाक, दुसऱ्यावर त्याचा. तिने केलेलं खात नाही. मारत नाही, पीत नाही. शेजारणी तिला नशीबवान म्हणतात.

"काका, तुम्ही एका खोलीत राहिलेले. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

सुकलालने उषाबाईचा प्रसंग तिला सांगितला. आखाजीच्या ताटापर्यंत आला आणि तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"बस. एवढं ऐकलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं. माले इचारं का कोनी?"

चहा उतू गेला. तिने फडक्याने पुसून घेतला.

रस्त्यावर येऊन सुकलालने काशिनाथला फोन लावला. फोनचा आवाज मोठा केला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरीला घेऊन जा. माणूस वाईट शे."

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"मग गावाला काय सांगू? नवरा बोलत नाही म्हणून घरी आणली? मोठी रोज मार खाते, तिला कुठे आणली मी?"

सुकलालने समजावलं. भाकरी, पायरी, ताट, शेगडी, प्रत्येकाचा अर्थ सांगितला. रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने सांगितला. काशिनाथ म्हणाला, "तेव्हा नाही बोलला, आता कशाला बोलतो?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर चौकशीला कुणी आलं की सुकलाल म्हणायचा, "पोरीला घेऊन या. तिला सांगतो." एकानेही आणली नाही. म्हातारा सटकला म्हणाले आणि यायचे बंद झाले. कादंबऱ्याही त्याने सोडल्या. सुट्टीला बमरोलीला जायचा, वर्षाकडे बसायचा. गुडघे गेले तरी जायचा. तो वारल्याचं काशिनाथला मी कळवलं. त्याने फक्त बरं म्हटलं.

वर्षा अजून तिथेच आहे. मध्यंतरी मी जाऊन आलो. धर्मेंद्र मिलमध्ये होता, पाळी सुटायला बराच वेळ होता. तरी पाणी देताना तिने पेला जमिनीवर आवाज न करता ठेवला, आणि माझी तब्येत कशी आहे हे कुजबुजत विचारलं.