माझं मनगट कोणी धरलं?

भुताखेतांच्या गोष्टी मला पटत नाहीत. आमच्या आचरे गावात कोणी काही दिसलं म्हणून सांगत आलं, की मी आधी विचारते, जेवलास का? तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच बाबतीत.

सदुसष्ट सालचा मे महिना. आदल्या वर्षापासून माझ्या छातीचे ठोके वेडेवाकडे पडत – तीन भरभर, एक गाळून, पुन्हा दोन. मुंबईच्या डॉक्टरांनी झोपवून छातीवर विजेचा झटका दिला. तेव्हा ते यंत्र नवीनच होतं. ठोके सरळ झाले. चार महिने मजेत गेले आणि एका सकाळी चुलीपुढे पुन्हा तेच... गोळ्या वाढवल्या, रोज घड्याळ लावून नाडी मोजली. उपयोग शून्य. डॉक्टरांचं पत्र आलं – पावसाळ्याआधी दुसरा झटका घ्या, लांबवू नका.

मालवणहून मोसमातली शेवटची आगबोट. ती खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिथवर जायचं आणि लाट वर आली की शिडी धरायची. आमचे हे चढले, ट्रंक चढली. माझी पाळी आली तेव्हा छाती नुसती फडफडत होती, डोळ्यांपुढे अंधारी. पाय उचलणार, इतक्यात कोणीतरी माझं डावं मनगट धरलं. आधाराला धरतात तसं नव्हे – तीन बोटं, नेमकी नाडीवर, थंडगार. कानाशी बाईचा आवाज, "थांब गो. घाई कित्याक?"

थांबले. ठोका पडला. मग एक. मग एक. सरळ!

पडावात दुसरी बाई नव्हती. पडाव हाकणाऱ्या तांडेलाला विचारलं, तर म्हणाला, "माझे हात दोरीर आसत, वयनी. तुमच्या त्या बाजूक फकत पाणी."

तिथेच घड्याळ काढून दोन मिनिटं मोजली. मागचे लोक ओरडत होते, ओरडू देत. एकही ठोका गळला नाही.

"मी येत नाय!" मी वर ओरडले.

"अगो, मग डॉक्टराक काय सांगू? माकाच शॉक द्या म्हणान?" हे कठड्यावरून.

शिडी वर गेली. हे ट्रंकेसकट मुंबईला, मी घरी.

गोळ्या सोडण्याचा मूर्खपणा केला नाही. दिवाळीनंतर एसटीने मुंबईला जाऊन कार्डिओग्रामची पट्टी काढून घेतली – ठोके अगदी बरोबर. डॉक्टर म्हणाले, कधी कधी आपोआप जागेवर येतात. पटलं. पण आपोआप आलेले ठोके मालवणी बोलतात का, असं विचारल्यावर ते हसले आणि पुढचा पेशंट बोलावला.

दोन वर्षं झाली, अजून एक ठोका चुकलेला नाही. काल एकटीने चाळीस नारळ सोलले.