विठूआजोबांचं पान

पितृपक्षातल्या म्हाळाच्या दिवशी हौसाकाकी एका जागी ठरत नाहीच, पण यंदा तिने मला जेरीस आणलं. खिरीत पळी तशीच ठेवून घरापुढच्या खळ्यात यायची, रस्त्याकडे बघायची, परत आत. "आली काय रे ती?" मी शेजारी, त्यात इंग्रजी येणारा, म्हणून दुभाष्या. सुटका नव्हती.

'ती' म्हणजे मोम्बासाची नीमा. काकीचे चुलतसासरे विठू बोटीवर खलाशी होते. तरुणपणी गेले ते गेलेच. समुद्राने नेले, असं घरच्यांनी धरलं. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून म्हाळाला त्यांचं पान आत, वाडवडिलांच्या रांगेत नाही. निर्वंश गेलेल्याचं म्हणून बाहेर खळ्यात. या घरात आल्यापासून काकीच ते वाढते. आणि काल भाट्याच्या किनाऱ्यावर ही नीमा विठूचं घर विचारत फिरत होती. त्यांची सख्खी नात!

"भरल्या संसाराच्या माणसाला मी बाहेर बसवलं रे!"

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं म्हणून त्यांना बरं वाटलं असेल काय?"



शेवटी तिने खळ्यातलं वाढलेलं पान उचललं आणि उंबऱ्याशीच अडली. वडे थंड होत होते, मला राग आला. "आता काय आणि?"

"हे आत गेले की बाहेर कोण? पुढे माझंच पान ना? तेही कोण वाढणार?"

काकीला मूलबाळ नाही. नवरा, महिपतकाका, कधीच गेले. माझा राग कुठच्या कुठे पळाला.

तेवढ्यात नीमा आली. काकीने पान माझ्या हातात कोंबलं, तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी नीमाला पानाची हकीकत सांगितली. तिने ते माझ्याकडून घेतलं, आत नेऊन रांगेत ठेवलं आणि काकीकडे बघून विचारलं, "या माझ्या कोण?"

"काकी."

जेवायला बसलो तरी काकी उभीच. मग मला हळूच म्हणाली, "तिला इचार, तिकडे केळीची पानं गावतात काय."

नीमा हसली. परसातच केळी आहेत म्हणाली. पण हे कशाला विचारतात? काकीचं पान पुढे कोण वाढणार, तेही मी सांगून टाकलं.

ती हातातल्या वड्याकडे बघत म्हणाली, "हे कसे करतात, तेही शिकवायला सांगा."

मी मराठीत सांगितलं, तेव्हा काकी पाट ओढून जेवायला बसली.