सतरा ‘शन’ आणि अठरा पाट्या

परतूरच्या स्टेशनात गाडी यायला वेळ होता आणि माझे वडील, आबा, स्टेशनच्या नावाच्या पाटीकडं बघत उभे होते. आष्टीहून आम्ही बैलगाडीनं आल्तो. माय गाडीतच बसून राहिली. उतरली असती तर रडली असती.

"स्टेशन म्हंजे काय रे?" आबांनी विचारलं.

"थांबायची जागा."

"मंग तू का जाऊन राह्यला?"

मी हसलो. तो हसणारा आज समोर आला तर त्याचे कान उपटीन.

माझ्या ट्रंकेत एक वही होती. जालन्याला आमचे इंग्रजीचे मास्तर शब्द शेवटावरून शिकवायचे. "शेपूट धरा, जनावर कुठं जातंय?" म्हणायचे. एका पानावर सगळे ‘लेस’: होमलेस म्हणजे बेघर, यूसलेस म्हणजे बिनकामाचा. एका पानावर ‘फुल’. आणि तीन पानं नुसते ‘शन’: एज्युकेशन म्हणजे शिक्षण, पिटिशन म्हणजे अर्ज, परमिशन म्हणजे इजाजत. या जनावरांच्या जिवावर मला सिकंदराबादच्या छावणीत, गोऱ्यांच्या एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली, तिकडंच निघालो होतो. सुट्टीत गावी आलो की मी बोलण्यात ‘ड्यूटी’ न् ‘ऑर्डर’ पेरायचो. लोक मला सायेब म्हणायचे. ते थट्टेनं म्हणत होते, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आष्टीत राहिलेल्यांनो, तुम्हाला आबांची शाळा आठवत असेल. तुमच्यातले काही त्याच गोठ्यात बसून शिकलात. माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हीही ऐका, कारण ही चूक तुमच्यातला कोणीही करू शकला असता.

सरकारी शाळेत सगळं उर्दूत. म्हणून आबा आमच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात अठरा पोरांना मराठी लिहायवाचायला शिकवायचे. खळं झालं की घरटी पायलीभर ज्वारी यायची, तोच पगार. मंग एक दिवस हुकूम आला: खाजगी शाळेला इजाजत पाहिजे, दोन महिन्यांत अर्ज द्या, न्हाई तर शाळा बंद. आपल्या गोठ्यात, आपल्या पोरांना, आपल्या आईची भाषा शिकवायला इजाजत. 

शेजारच्या मुन्शीचाचांचा जन्म कचेरीचे कागद लिहिण्यात गेला होता. मी सुट्टीत घरी असताना ते आपणहून आले. "मास्तर, मैं लिख देतौं. चार लाइन का काम है."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "चाचा, आता इंग्रजीचा जमाना आहे."

"जमाना होंगा बेटा. दफ्तर तो उर्दू का है."

उर्दू मला येत नव्हती असं बिलकुल न्हाई. मॅट्रिकपर्यंत त्याच जबानीत छड्या खाल्ल्या होत्या. पण माझ्यातल्या सायबाला मिरवायचं होतं. सिकंदराबादला परतल्यावर वही उघडून मी अर्ज टाइप केला. एका कागदावर सतरा ‘शन’ बसवले. ‘सॅटिस्फॅक्शन’ तर दोनदा. आबांना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, तरी डाकेनं पोचलेला तो कागद दाखल करायच्या आधी त्यांनी गावभर दाखवला. "लई वजनदार झालंय," म्हणायचे.

अर्ज परत आला तो दोन महिने उलटल्यावर. माझ्या सतरा जनावरांवर लाल शाईनं एकच आडवी ओळ होती. मुन्शीचाचांनी ती वाचून दाखवली: अर्ज उर्दूत द्यावा. त्यांनी तिथंच बसून उर्दूत लिहून दिला, आबा तो घेऊन परतूरच्या कचेरीत गेले. तिथं उत्तर मिळालं, मुदत संपली. तिसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस येऊन गोठ्याला कुलूप लावून गेला. बैल महिनाभर बाहेर बांधले. पोरांच्या लिहायच्या पाट्या जप्त होतील म्हणून चाचांनी त्या आधीच आपल्या घरी नेऊन ठेवल्या होत्या.

त्या दफ्तराचा मला राग आहे. त्या लाल शाईचा आहे. पण ते तर परके. वही माझी होती.

मी गावी गेलो तेव्हा आबांनी नोकरीचंच विचारलं. निघताना नेहमीसारखे स्टेशनात आले. गाडी दिसू लागल्यावर म्हणाले, "परमिशन म्हंजे काय रे?"

"इजाजत."

"मंग इजाजतच लिहायचं ना, बाबा."

आबा परवा-परवापर्यंत होते. राज्य बदललं, तेवढं मात्र त्यांना बघायला मिळालं न्हाई. आता मराठी शिकवायला कोणाला विचारावं लागत न्हाई म्हणतात. जेवता-जेवता हे ऐकलं, आनंद व्हायला हवा होता. मला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं.

गेल्या महिन्यात मुन्शीचाचांचं खत आलं. चार ओळींचं, उर्दूत. ‘पाट्या शाबूत आहेत. अठराच्या अठरा. माझे हात आता थरथरतात. येऊन घेऊन जा, नाहीतर पोरांपुढं येऊन बस.’

होमलेस म्हणजे बेघर, असं मी पंधराव्या वर्षी लिहून ठेवलं होतं. घर म्हणजे काय, ते त्या वहीत कुठं न्हाई. आज मला विचाराल तर एका म्हाताऱ्या मुसलमानानं माझ्या बापासाठी सांभाळलेल्या अठरा पाट्या.

टाइपरायटर बाजूला सारला. बोरू घेतला आणि मोडक्या उर्दूत उत्तर लिहिलं: चाचा, बसायला येतो.