वीतभर खुंट

आमच्या जंगलात वाघ नाही. पण ह्या जंगलापायी गावात जेवढे दात पडले, तेवढे वाघ असता तर त्यालाही पाडता आले नसते. माझ्या अंदाजाने पोतंभर तरी असतील. त्यातले दोन माझे. शिवाय माझा डावा हात, पण तो पुढे येतो.

केनवडच्या अलीकडे एक टेकाड आहे. त्यावर धावडा, पळस, सालई, टेंभुर्णी, मनाला येईल तशी उगवलेली. जंगल गावाच्या हक्काचं, वनखात्याचा कागदसुद्धा आहे. कागद आला त्याच सुमारास रिसोडच्या रस्त्याला पांढऱ्या कोळशाचा कारखाना निघाला. भुसा आणि काडीकचरा दाबून मनगटाएवढ्या कांड्या काढायच्या, आणि खाणीतल्या कोळशाऐवजी त्या बॉयलरमध्ये जाळायच्या, असं ते काम. सोयाबीनचं कुटार आणि कपाशीच्या पऱ्हाट्या संपल्या की उन्हाळ्यात कारखान्याची भूक खवळते. मग त्याला लाकूड लागतं.

ते कसं द्यायचं, यावरून गाव उभं फाटलं. एका बाजूला माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. उंची साडेचार फूट, आवाज साडेचार कोस. ते म्हणत, टेकडीचे दहा वाटे पाडा आणि दर फाल्गुनात एकच वाटा तोडा. तोही जमिनीपासून एक वीत सोडून, धारदार कुऱ्हाडीने, तिरपा घाव घालून, म्हणजे खुंटावर पाणी साचून तो कुजत नाही. खुंटाला फुटवे येतात, दहा वर्षांत मांडीएवढं लाकूड परत उभं, आणि तोवर आपण फिरून पहिल्या वाट्याला आलेलो. कारखाना जळत राहील, जंगल उगवत राहील, आपल्या नातवांच्या नातवांनाही तोडायला मिळेल.

दुसऱ्या बाजूला त्यांचेच साडभाऊ. माझ्या मोठ्या आईच्या बहिणीचा नवरा. सहा फूट उंच, आणि गावातल्या एकुलत्या एका जेसीबीचा मालक. त्याचं म्हणणं एवढंच की आठ दिवसांत मुळासकट टेकाड साफ करून देतो, दहा वर्षं वाट कायले पाहायची.

ग्रामसभेत यावर चर्चा झाली. चर्चेत अकरा खुर्च्या मोडल्या, ग्रामपंचायतीचा पंखा छतावरून खाली आला, आणि मोठेबाबांनी साडभाऊच्या दंडाला असा चावा घेतला की तो सोडवायला सांडशी आणावी लागली. तोंड मोकळं झाल्यावर मोठेबाबा म्हणाले, "पोळ्यापर्यंत पह्यल्या वाट्यातल्या एकेका खुंटाले माह्या गुडघ्याएवढे फुटवे नाही आले, त घाल तुह्यी जेसीबी. तिच्यापुढं नारळ मीच फोडतो."

साडभाऊ रक्त पुसत म्हणाला, "तुमचा गुडघा कितीक उंच हाय म्हना. चालते."

फाल्गुनात पहिला वाटा तोडला. ज्येष्ठात खुंटाखुंटाला तांबूस फुटवे आले. मोठेबाबा रोज सकाळी टेकाडावर जायचे, एकेका खुंटाजवळ उभे राहून गुडघा लावायचे. घरच्या सुनेच्या बाळंतपणातही त्यांनी एवढ्या खेपा मारल्या नव्हत्या.

आता माझं कर्तृत्व. सोयाबीनवाल्या माणसाला गवत उभं पाहवत नाही. हा आमच्या भागातला आजार आहे, त्याला औषध नाही. म्हणजे औषध आहे, तेच तर झालं. आषाढात मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारत होतो. जे हिरवं दिसेल ते जाळणारं. काम संपलं आणि पाठीवरच्या पंपात अर्धं पाणी उरलं. वाटेत टेकाड. पहिल्या वाट्यात खुंटांच्या अवतीभोवती कमरेएवढं गवत. म्हटलं, अर्धा पंप सांडून द्यायचा त्यापेक्षा मोठेबाबांचा वाटा चकाचक करून ठेवू, उद्या पाहून खूश होतील. पंप रिकामा होईस्तोवर हापसत गेलो आणि कुणाला बोललो नाही.

आठ दिवसांनी गवत पिवळं पडलं. गवतासोबत अकरा खुंटांचे फुटवेही.

मोठेबाबा टेकाडावरून आले ते जेवले नाहीत. कुऱ्हाड घेतली, पातं ठोकून वेगळं काढलं आणि नुसता दांडा हातात घेतला. पात्यासकट गेले असते तर थेट खूनच पडला असता, एवढी अक्कल त्यांना रागातही होती. मला म्हणाले, "चाल. साडभाऊनं विष टाकलं."

बोलायची वेळ तीच होती. मी बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडका, उपसली आणि मागे निघालो.

केनवडचा बाजार भरला होता. साडभाऊ जेसीबीच्या सावलीत बसून भजे खात होता. पहिला दांडा काचेवर, दुसरा त्याच्या खांद्यावर. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मिरचीवाल्यांच्या रांगेपर्यंत गेला. साडभाऊने एका हाताने मोठेबाबांचा कान धरला आणि पिळला. खालचा अर्धा कान त्याच्या मुठीत आला. रक्ताने मोठेबाबांचा सदरा असा भिजला की पिळला असता तर बादली भरली असती. मी पाठीमागून साडभाऊला तीन उभाऱ्या घातल्या, आणि दर उभारीला विष टाकतं काय, विष टाकतं काय, असं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडत होतो. दोषी माणसाचा हात जास्त जोरात पडतो, हे मी अनुभवाने सांगतो. चौथ्या उभारीला त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं. दात दोन.

लोकांनी आम्हाला सोडवलं आणि तसंच, रक्ताळलेलं, टेकाडावर नेलं. साडभाऊचा हात दुपट्ट्यात बांधून गळ्यात अडकवला होता. तो पिवळ्या पट्ट्याच्या कडेकडेने चिखल पाहत गेला. पाणी मुरवायला खणलेल्या चराच्या काठाने माणूस चढत गेला होता हे चिखलातल्या पावलांवरून दिसत होतं, आणि पिवळा पट्टा त्याच्या डाव्या अंगाला पडला होता. अख्खं गाव पंपाचा दांडा डाव्या हाताने हापसतं आणि नळी उजव्या हातात धरतं.

"मले मारायचंच असतं त जेसीबी हाय माह्यापाशी, पंप कायले घेऊ मी?" साडभाऊ मोठेबाबांना म्हणाला. "नळी डाव्या हातात होती फवारनाऱ्याच्या. गावात डावरा कोन हाय, साडभाऊ?"

मोठेबाबा माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"टेक हात."

मी डावा हात एका मेलेल्या खुंटावर टेकला. दांडा एकदाच आला. मनगट आणि दोन बोटं. तुरीची वाळली शेंग पायाखाली आल्यासारखा आवाज झाला, आणि मी जो ओरडलो त्याने पार रिठद गावच्या म्हशी आटल्या असं म्हणतात. मीच म्हणतो, पण अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

मोठेबाबा साडभाऊला म्हणाले, "माफी मागाले तोंड नाही मले."

"अर्धा कान हाय ना, तो जपा," साडभाऊ म्हणाला. "पोळ्याले भेटू."

पोळ्याच्या दिवशी बैल धुवायच्या आधी सारं गाव टेकाडावर. बाकी सगळे फुटवे मोठेबाबांच्या गुडघ्यावर, काही तर कमरेला. माझ्या पट्ट्यातले अकरा मात्र टक्कल. लोक म्हणाले, ही शर्तीतली हार नाही, पोरानं केलं, सोडून द्या. मोठेबाबा म्हणाले, एकेका खुंटाले म्हटलं होतं. आणि त्यांनी जेसीबीपुढे नारळ फोडला.  नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला.

साडभाऊ एका हाताने वर चढला. बकेटीचे दात पट्ट्यातल्या पहिल्या धावड्याच्या खुंटाखाली घातले आणि ओढलं. धावडा हलला नाही. पुन्हा ओढलं, तर मशीनची मागची चाकं उचलली गेली. तिसऱ्यांदा तेलाचा पाइप फुटला. उकळतं तेल साडभाऊच्या तोंडावर उडालं, तो दारातून खाली आला आणि त्याच मोडक्या हाडावर पडला. मोठेबाबांनीच सगळ्यांच्या आधी धावत जाऊन त्याचं तोंड आपल्या दुपट्ट्याने पुसलं.

साडभाऊ खुंटाला टेकून बसला. बकेटीने माती फाटली होती, आणि बुडाशी नखाएवढे दोन लाल कोंभ दिसत होते. तणनाशक पानांना लागलं होतं, मुळाला पुरलं नव्हतं.

"एका खुंटानं मशीन खाल्ली," तो म्हणाला. "सारं टेकाड उपटायचं त कितीक मशिनी लागतीन?" मग जरा दम खाऊन म्हणाला, "करा दहा वाटे. पन लाकूड माह्याच ट्रॅक्टरनं जाईन."

अकरापैकी सात खुंट दिवाळीपर्यंत जगले. चार मेले. तिथे मी एका हाताने खड्डे खणून करंज लावले, आणि मोठेबाबा खड्डे मोजायला उभे होते.

यंदा चौथा वाटा तुटतो आहे. वीतभर खुंट ठेवायचा, तर वीत कुणाची, हा प्रश्न आता गावात निघत नाही. मोठेबाबा मला हाक मारतात. मी डावा हात खोडाला लावतो. दोन बोटं उघडत नाहीत, म्हणून माझी वीत इतरांपेक्षा आखूड भरते. मोठेबाबा म्हणतात बरंच आहे, खुंट बुटका राहिला की फुटवा बुडातून येतो आणि दमदार येतो. मग ते कुऱ्हाड उचलतात, पात्यासकट. ती खाली येण्याआधी हात काढायचा असतो. मोठेबाबा थांबत नाहीत.