सांडूच्या नावानं गेलेला निरोप

सांडू सेंट्रिंगवाला. स्लॅब ओतण्याआधी खाली लोखंडी प्लेटा आणि टेकू लावायचे, स्लॅब पक्का झाला की ते काढायचे, हे त्याचं काम. गंगापूरकडून शहरात आला त्याला चाळीस वर्षं झाली. मी सळ्या बांधायचो; निम्मी कामं आम्ही एकत्र केली. एकवीस दिवसांच्या आत त्यानं टेकू हलवलेला मी पाहिला नाही.

पोरका भाचा सत्यम त्यानंच वाढवला, कामही त्यानंच शिकवलं. पुढं सत्यम ठेकेदार झाला. गेल्या वर्षी त्यानं आवडाबाईचं दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं. सेंट्रिंग मामाचं. स्लॅब ओतून दहा दिवस झाले तेव्हा सत्यम म्हणाला,

"मामा, उद्या प्लेटा खोलू. दुसऱ्या साईटवर लागतेत. आजकालचं सिमेंट लई फास्ट हाय."

"सिमेंट तुह्या घरचा गडी हाय व्हय, हाक मारली की पळायला? एकवीस म्हंजी एकवीस."

"बरं, मामा." सत्यम हसला.

लोभ म्हटलं की लोकांना पैसा दिसतो. सत्यमला दहा दिवसांचा लोभ सुटला.

दुसऱ्या दिवशी सांडू लग्नाला अजिंठ्याला गेला. इकडं सत्यमनं आवडाबाईला सांगितलं, "मामाचा निरोप हाय, खोला म्हणून." सांडूचं नाव ऐकून तिनं पुढं काही विचारलं नाही. उलट माणसांना चहा केला.

सांडू परतला तेव्हा स्लॅब मधोमध दोन बोटं खाली आला होता.

"भाऊ, तुमचाच निरोप होता ना?" आवडाबाईनं विचारलं.

सांडूनं सत्यमला गाठलं.

"गिलाव्यात झाकून जाईल, मामा. घरातली गोष्ट हाय, गावभर करू नगं."

"तुही लेकरं निजवशील त्याच्याखाली?"

सत्यम तिथून निघून गेला. पुन्हा फिरकलाही नाही.

सांडूनं आवडाबाईला खरं ते सांगितलं. आम्ही दोघांनी घणानं स्लॅब फोडला. सहा दिवस लागले. नवा ओतला तो सांडूनं सगळा खर्च स्वतःच्या अंगावर घेऊन. रोज दोन वेळा येऊन पाणी मारलं.

बाविसाव्या दिवशी खोलायला गेलो. सांडूनं पहिल्या टेकूला हात घातला, तशी आवडाबाई दारात आली.

"भाऊ, राग येऊ देऊ नका. जरा थांबा. दुसऱ्या मिस्त्रीला विचारून येते."

चाळीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"या विचारून, बाई," तो म्हणाला आणि हातोडी ठेवून बाहेर विटांवर बसला. ती परत येईपर्यंत त्यानं माझ्याकडंही पाहिलं नाही.