अजून तुमच्याकडेच आहे ना?

नवघरला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तेव्हाची गोष्ट. आमच्या लायब्ररीत एक तरुण सून दुपारी यायची आणि भाजीची पिशवी पायाशी ठेवून उभ्यानंच वाचायची. नेहमी तीच जुनी, गाजलेली कादंबरी, संसारात घुसमटून मन बिघडत गेलेल्या एका तरुण मुलीची. खुणेला पिशवीतलंच कढीपत्त्याचं पान ठेवायची. पुस्तक घरी नेत नसे, सासूला असलं वाचन खपत नव्हतं.

एकदा तिनं ते माझ्या हातात कोंबलं. "ताई, हे तुम्ही घेऊन जा ना. इथे दिसलं की मी वाचतेच."

"आवडत नाही का?"

"आवडतं, तेच तर. पुढच्या पानावर ती काय करणार, ते मला आधीच कळतंय."

कादंबरीतली ती मुलगी शेवटी जीव देते, हे मला माहीत होतं. मी पुस्तक नेलं आणि मुदत वाढवत राहिले. बाजारात भेटली की ती हळूच विचारायची, "अजून तुमच्याकडेच आहे ना?" मी हो म्हटलं की सुटल्यासारखी हसायची.

मग एक दिवस भेटली, कोथिंबीर महागल्याचं बोलली, छान हसली आणि निघाली. पुस्तकाचं विचारलंच नाही. शेवट कळायला तिला आता पुस्तकाची गरज उरली नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गर्दीत तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मला तिचं नावच माहीत नव्हतं.