धूळ बरी बसलीय

काकू बोलायच्या आधी तळवा वर करायच्या. बोटं जुळवलेली, हात सरळ, रहदारी थांबवणाऱ्या पोलिसासारखा. मग म्हणायच्या, "हात लावू नका." लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या रस्त्यावर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. गोऱ्या शेजाऱ्यांना ते इंग्रजीत ऐकावं लागे आणि आम्हाला मराठीत, एवढाच फरक. माझ्या नवऱ्याने तर ते दोनदा ऐकलं, कारण पहिल्या वेळी ते गाडीबद्दल आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

गाडी गडद निळी, जुनी, आणि खरं तर काकांची. काका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, काकू तिथेच वॉर्ड सिस्टर. दोघांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. काकांची स्मृती हळूहळू गेली आणि शेवटी त्यांना पिनरच्या बाजूला एका केअर होममध्ये ठेवावं लागलं. काकू रोज दुपारी जेवण झालं की गाडी काढून त्यांना भेटायला जायच्या. काका आता त्यांना ओळखत नाहीत, हे मला त्यांच्या लीड्सच्या मुलीकडून कळलं होतं. काकूंनी ते कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर त्या हिवाळ्यात काकूंच्या शेजारच्या घराचं एक्स्टेंशन निघालं. तुम्ही कधी बांधकामाच्या शेजारी राहिला असाल तर पुढचं सांगायला नको. दारात राडारोड्याचा लोखंडी स्किप, विटा कापायच्या मशीनची किरकिर, आणि दुपारपर्यंत सगळ्या रस्त्यावर पिठासारखी करडी धूळ. आमची गाडी मुळातच करडी, त्यामुळे आम्हाला आठवडाभर काही कळलं नाही. काकूंच्या निळ्या गाडीवर मात्र ती लगेच दिसायची.

कामावरचा फोरमन मोठा भला पंजाबी गृहस्थ होता. एकदा त्याने आपण होऊन खिशातलं फडकं काढलं आणि काकूंच्या बॉनेटकडे निघाला. वरच्या मजल्याच्या खिडकीत तळवा दिसला. तो जागच्या जागी थांबला. काकू खाली आल्या, आणि त्या धुळीत सिमेंट असतं, वाळूचे कण असतात, कोरडं फडकं मारलं की तो पॉलिशपेपरच होतो, असं त्याला शांतपणे समजावून दिलं. तो ऐकता ऐकता दोन पावलं मागे गेला, भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डात सापडलेल्या पाहुण्यासारखा.

काकूंनी मलाही शिकवलं. म्हणजे मी शिकवा म्हटलं नव्हतं. मी आमची गाडी धुवायला गेले आणि त्या येऊन उभ्या राहिल्या. आधी हात लावायचा नाही. होजपाइपचं पाणी टपावरून खाली सोडायचं, जोरात मारायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं. पुष्कळ पाणी, कारण थोडं पाणी घातलं तर सिमेंट वाळून चिकटून बसतं. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. मऊ हातमोजा साबणात बुडवायचा, सरळ रेषेत फिरवायचा, गोल गोल नाही, आणि दर वेळी साध्या पाण्यात झटकून मगच परत साबणात. चाकं शेवटी. मी दाबून घासायला लागले की मागून आवाज यायचा, "दाबू नकोस." मी त्यांना एकदा म्हटलंही, काकू, ही गाडी आहे, ऑपरेशनचा पेशंट नाही. त्यावर त्यांनी हसून, मग तर ती ओरडूनही सांगू शकत नाही, असं उत्तर दिलं.

सबंध हिवाळा काकूंनी ती गाडी अशी धुतली. थंडीत बोटं लाल व्हायची, पण दुपारी केअर होमला निघताना गाडी लखलखीत. मला वाटायचं, एवढं कशासाठी? काकांना तर गाडीही ओळखू येत नसेल. पण मी समजून घेतलं. माणसाला काहीतरी करायला लागतं.

आणि मग वसंतात काकू एकदम गाडी धुवायच्या बंद झाल्या.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कायमच्याच. समोरची काच तेवढी पाण्याने धुवायच्या आणि बाकी करडी गाडी घेऊन निघायच्या. मला वाटलं, हात दुखत असेल. मी होजपाइप घेऊन गेले आणि म्हटलं, मी धुऊन देते. तळवा वर आला.

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "आज धूळ बरी बसलीय."

मी घरी आले आणि नवऱ्याला ते वाक्य तसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, तू चुकीचं ऐकलं असशील.

पुढे एक्स्टेंशनचं काम संपलं. स्किप गेला, मशीन गेलं, रस्त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. काकू तेवढ्या खट्टू झाल्या. जाणाऱ्या फोरमनला गाठून, आता तुमचं काम कुठे, असं विचारून त्यांनी पत्ता घेतला. त्यानंतर मला त्यांची गाडी भलभलत्या ठिकाणी दिसायला लागली. स्टेशनमागे फ्लॅट्सचा टॉवर उठत होता, त्याच्या कुंपणाला लागून. एका शाळेची भिंत पाडत होते, तिच्यासमोर. गाडी लावून काकू बाकावर बसलेल्या असायच्या, मांडीवर पर्स, बसची वाट बघावी तशा. मी हाक मारली की हात हलवायच्या. काय करताय विचारलं तर म्हणायच्या, काही नाही, जरा बसलेय.

तुम्हाला काय वाटलं असतं? मला तेच वाटलं. मनात पाल चुकचुकली. काकांना झालं तेच आता काकूंना होतंय. त्यांच्या मुलीने मला नंबर देऊन ठेवला होता. "ताई, आईचा ड्रायव्हिंग सेफ वाटला नाही तर मला रिंग करा," असं ती म्हणाली होती. मी फोन केला की ती येणार, चाव्या काढून घेणार आणि काकूंचं रोजचं जाणं बंद होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पिनरला दोन बस बदलून त्या कितीदा जाणार? फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, असं माझं चाललं होतं. शेवटी ठरवलं, आधी स्वतः डोळ्यांनी बघू. मी काकूंना म्हटलं, आज मी येऊ का तुमच्याबरोबर, काकांना बघून बरेच दिवस झाले. काकूंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ये म्हणाल्या.

गाडी त्यांनी माझ्यापेक्षा चांगली चालवली. तिथे माझा गोंधळ सुरू झाला.

केअर होमच्या मागच्या बाजूला लहानसं पार्किंग आहे, बागेचा नळ आहे. काकूंनी गाडी नळाशेजारी लावली आणि डिकीतून दोन बादल्या काढल्या. तेवढ्यात एक नर्स काकांना हाताला धरून घेऊन आली. काका वाळले होते, कोट मात्र कडक. ते माझ्याकडे बघून हसले, काकूंकडे बघून तसंच हसले, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. मग त्यांची नजर गाडीवर गेली. काकूंनी पर्समधून एक कोरडा रुमाल काढला आणि बॉनेटच्या दिशेने हात नेला.

काकांचा तळवा वर आला. बोटं जुळवलेली, हात सरळ.

"हात लावू नका," काका म्हणाले. "अहो बाई, ही बांधकामाची धूळ आहे. ओरखडे पडतील."

"अहो, मग काय करू?" काकू म्हणाल्या. "मला काही कळत नाही यातलं."

मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. काकू त्यांना अहो म्हणत होत्या ते बायको म्हणून, आणि काका त्यांना अहो म्हणत होते ते परकी बाई म्हणून. आणि काका बोलत होते. त्यांच्या मुलीने सांगितलं होतं की आताशा ते दिवसच्या दिवस शब्द काढत नाहीत. इथे ते टपावरून पाणी सोडायला सांगत होते, जोर कमी करा म्हणत होते, सिमेंट वाळलं की कसं धरतं ते समजावत होते. एका शब्दावर अडखळले नाहीत. काकू मान हलवून ऐकत होत्या, मध्येच मुद्दाम चुकीच्या बादलीत हात घालत होत्या आणि ओरडून घेत होत्या.

मग काकूंनी हातमोजा चढवला आणि दारावर घासायला लागल्या, चांगलं दाबून. काका पुढे झाले. त्यांनी काकूंचं मनगट धरलं आणि तो हात आपल्या हाताने हलका केला. "दाबू नका," ते म्हणाले. "मी धरतो. सरळ न्या." दोघांचे हात दारावरून सरळ मागपर्यंत गेले आणि परत आले. सबंध डावी बाजू अशी धुऊन झाली. मी नळ बंद करायच्या निमित्ताने पाठ फिरवली, कारण मला रडू येत होतं आणि ते कोणासाठी, हे नीट सांगता येत नव्हतं.

परतीच्या वाटेला लागलो. काकूच बोलल्या. हिवाळाभर मी गाडी चकचकीत करून नेली, त्यांना आनंद होईल म्हणून, आणि ते नुसते खिडकीतून बघत बसायचे. एकदा विटा कापणं लांबलं, मला उशीर झाला, तशीच धुळीची गाडी घेऊन गेले तर ते खाली उतरून आले आणि मला रागावले. एवढं सांगून त्या सिग्नलला थांबल्या. लग्नापासून मला त्यांनी या गाडीला बोट लावू दिलं नव्हतं, म्हणाल्या. आता रोज शिकवतात.

"रोज तेच?" मी विचारलं.

"मी शिकले तर ते कुणाला शिकवतील?" काकू म्हणाल्या, आणि गाडी पुढे काढली.

मी लीड्सला फोन केला नाही. उलट येता-जाता कुठे खोदकाम दिसलं की काकूंना सांगायला लागले. आमच्या घरात त्यावरून पुष्कळ चेष्टा झाली, पण नवऱ्यानेही एकदा ऑफिसातून मेसेज केला की कौन्सिलने लायब्ररीशेजारी फुटपाथ उखडलाय, काकूंना सांग.

काका थंडी सुरू होताना गेले, झोपेत. त्यानंतर गाडी घरापुढच्या ड्राइव्हमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मुलगी येऊन राहिली, गेली, पुन्हा आली. आईला लीड्सला न्यायचं ठरलं. त्याच सुमारास काकूंच्या दुसऱ्या बाजूच्या घराने माळ्यावर खोली काढायचं, लॉफ्टचं काम काढलं आणि पुन्हा तीच पिठासारखी धूळ उडायला लागली. गाडीचा निळा रंग दिसेनासा झाला. मला ते बघवेना. एका सकाळी मी बादल्या आणि होजपाइप घेऊन गेले. काकू सपाता घालून बाहेर आल्या. आता तळवा येणार म्हणून मी थांबले.

तळवा आला नाही. काकू गाडीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

"मला काही कळत नाही यातलं," त्या म्हणाल्या. "काय करायचं असतं, सांग बरं."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही. थट्टा नव्हती. त्या खरंच विसरल्या होत्या, की त्यांना ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं? मी तेव्हाही गोंधळले आणि आजही गोंधळलेलीच आहे. मी एवढंच केलं की पहिल्यापासून सांगितलं. आधी हात लावायचा नाही. पाणी वरून सोडायचं, वाहू द्यायचं. दोन बादल्या. काकू मान हलवत ऐकत राहिल्या. हातमोजा घालून त्या दाराशी गेल्या आणि दाबून घासायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

"दाबू नका, काकू."

त्यांनी हात सैल सोडला. माझ्याकडे बघितलं नाही. पलीकडच्या बाजूला कोणी उभं असावं तसं टपावरून पलीकडे बघत होत्या. आम्ही सरळ रेषेत मागपर्यंत गेलो.

पुढच्याच रविवारी मुलगी काकूंना घेऊन गेली, त्यांच्याच गाडीतून. तेवढ्या दिवसांत ड्राइव्हवर पुन्हा करडा थर बसला होता आणि गाडी निघाल्यावर त्यात तिच्याएवढी स्वच्छ जागा राहिली. मी समोर आमच्या वरच्या खिडकीतून बघत बसले होते. लॉफ्टवाल्यांचा एक माणूस रिकाम्या ड्राइव्हवर सिमेंटचा मिक्सर ढकलत आला, नेमका त्या जागेकडे. माझा तळवा आपोआप वर झाला. का, असं त्याने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्याने वर पाहिलं, खांदे उडवले आणि मिक्सर दोन हात बाजूला लावला.